सहाव्या वाफ्याचं दारं

या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहासोबत वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचते. मी इंदापूरला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. वर्गात कुणी अमावस्या, नजर, असलं काही बोललं की त्याला फळ्याजवळ उभं करून "सिद्ध कर" म्हणायची माझी जुनी सवय आहे. मुलं मागे मला "सिद्ध कर मॅडम" म्हणतात, हेही मला माहीत आहे. तेव्हा हे लिहायला बसताना पहिली लाज वाटतेय ती याची. दुसरी लाज वेगळी आहे, ती पुढे येईलच...

आधीच सांगून टाकते, यात भूत नाही, पैंजणांचा आवाज नाही, पांढरी साडी नाही. एक जुना मोबाईल आहे, त्यातला एक गेम आहे आणि मी केलेली एक चूक आहे. भूत असतं तर बरं झालं असतं, निदान दोष त्याच्यावर ढकलता आला असता.

माझं माहेर कोऱ्हाळे बुद्रुक. बारामतीहून नीरेकडे जाताना लागतं. घरात आबा, म्हणजे माझे वडील, आणि आई. आणि सुहास होता. माझा धाकटा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मला आक्का म्हणायचा आणि माझ्या शिस्तीची मनसोक्त टिंगल करायचा. माझ्या डब्यांवरच्या लेबलांना तो "आक्काचं सरकारी दप्तर" म्हणायचा.

चोविसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. मग आठवड्यातून दोनदा बारामतीला डायलिसिस, एका वेळेला चार तास. मी इंदापुरात, मागे नोकरी, सासर. त्यामुळे त्याच्याबरोबर कायम आबाच जायचे. सकाळच्या एसटीनं जायचं, खुर्ची घेऊन पलंगाशेजारी बसायचं, दुपारी त्याला धरून परत आणायचं. पावणेदोन वर्षं हे चाललं. त्यातल्या किती फेऱ्यांना मी गेले ते मला पाठ आहे. सात.

त्या चार तासांत वेळ जावा म्हणून सुहास मोबाईलवर तो ठोकळ्यांचा गेम खेळायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्यात माती, दगड, लाकूड, पाणी, सगळं चौकोनी ठोकळ्यांचं असतं. मारामारी करायची नसेल तर नाही करायची, नुसतं खोदायचं आणि रचायचं. त्यातून आपल्याला हवं ते जग उभं करायचं. मोबाईलवर खेळताना डाव्या अंगठ्यानं चालायचं आणि उजव्या अंगठ्यानं खोदायचं किंवा ठोकळा ठेवायचा, अशी सोय असते.

आता सुहासच्या डाव्या हातात सुया. तो हात चार तास हलवायचा नाही. म्हणून डाव्या अंगठ्याचं काम आबांकडे आलं. आबांच्या उजव्या हाताची अंगठ्यासकट दोन बोटं फार पूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलीत, त्यामुळे त्यांचा चांगला हात डावाच. फोन दोघांच्या मध्ये उशीवर ठेवायचा. आबा चालायचे, सुहास खोदायचा. बाप-लेक दोघांचा मिळून एकच माणूस त्या जगात फिरत होता. शेजारच्या पलंगावरचे पेशंट गंमत म्हणून बघत बसायचे, असं तिथली एक सिस्टर मला नंतर म्हणाली.

आणि त्यांनी काय बांधलं, तर आमचंच कालव्याखालचं शेत. जग कितीही मोठं असतं त्या गेममध्ये. किल्ले बांधतात लोक, शहरं बांधतात. या दोघांनी पाण्याच्या मोटारीची खोली, लिंब, वाफ्यांना पाणी नेणारी चारी आणि उसाचे दहा वाफे बांधले. गेममध्ये ऊस आहे बरं का, पण तो पाण्याला चिकटूनच उभा राहतो. सुहासचं म्हणणं, असला लाडावलेला ऊस आपल्याकडं नसतो, आपल्याला कालव्याचं पाणी पाळीनं येतं. म्हणून त्यानं तिथं दुसरंच एक पीक लावलं आणि त्याला ऊस म्हणायचं ठरवलं. पाणीही खऱ्यासारखं द्यायचा. चारीतून वाफ्यात पाणी घ्यायला बांधाला जे तोंड पाडतात त्याला आमच्याकडं दारं म्हणतात. एका वाफ्याचं भरलं की पुढच्याचं दारं फोडायचं, मागचं मातीनं बांधायचं. त्या कामाला दारं धरणं म्हणतात. तर हे दोघे दवाखान्यात बसून दारं धरायचे...

सुहास गेला त्याला आता तीन वर्षं होतील. त्यानंतर आबांनी शेत वाट्यानं देऊन टाकलं. बांधावर पाय ठेवला नाही. पण रोज दुपारचा चहा झाला की चार वाजता कोनाड्यातला सुहासचा फोन काढायचे, बाहेरच्या कॉटवर बसायचे आणि डाव्या अंगठ्यानं त्या शेतातून एक फेरी मारायचे. मोटारीच्या खोलीपासून बांधाबांधानं शेवटापर्यंत, आणि परत. वीस-पंचवीस मिनिटं. खोदायचे नाहीत, काही ठेवायचे नाहीत. ते काम त्यांचं नव्हतंच. आई त्या वेळेला मुद्दाम गोठ्यात जाऊन बसायची. तिला तो फोन बघवत नसे.

मला काय वाटायचं सांगू? मला वाटायचं, हे बरं नाही. मला सगळ्यांचं भलं करायची खोड आहे, घरात विचारा कुणालाही. मी दर रविवारी माहेरी जायचे आणि आबांना त्या फोनवर वाकलेलं बघून मनात म्हणायचे, या माणसाला यातून बाहेर काढलं पाहिजे. फोन काढून घेणं शक्य नव्हतं. मग मला भारी युक्ती सुचली. या गेमसाठी लोकांनी बनवलेली तयार जगं नेटवर मिळतात. फाईल डाउनलोड करायची, तिच्यावर बोट ठेवायचं, ती आपोआप गेममध्ये जाऊन बसते. मी म्हटलं, आबांना नवीन जगं दाखवू. चालायचंच आहे ना, मग जरा दुसरीकडे चाला. बर्फाच्या डोंगरातलं एक गाव, एक भलंमोठं जहाज आणि एक किल्ला, अशी तीन मी निवडली.

तो रविवार. आबा दूध घालायला डेअरीत गेले होते, आई मागे धुणं धूत होती. मी फोन घेतला. माझ्या फोनमध्ये उतरवलेल्या फाईली ब्लूटूथनं त्यात घेतल्या, डोंगरातलं गाव बसलं. जहाजाला फोन म्हणाला, जागा नाही. जुना फोन, मेमरी भरलेली. मी गेममधली यादी उघडली. वर मी टाकलेलं डोंगरातलं गाव आणि खाली तीन नोंदी. न्यू वर्ल्ड, न्यू वर्ल्ड टू, न्यू वर्ल्ड थ्री. गेम आपण होऊन देतो ती नावं. मी वर्गात मुलांना नेहमी सांगते, नाव न दिलेली फाईल म्हणजे कचरा. मला वाटलं शेताचं जग "आमचं शेत" किंवा तसल्या काही नावाचं असणार, ते दुसरीकडे कुठेतरी ठेवलेलं असणार. उघडून बघायला किती वेळ लागला असता? दहा सेकंद. मी नाही बघितलं. गेमनं विचारलं, हे कायमचं जाईल, नक्की का? तिन्ही वेळा विचारलं. मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

मग जहाज बसलं, किल्ला बसला. मग शेत कुठंय म्हणून मी शोधायला लागले.

यादी वरखाली केली, तिन्ही नवी जगं उघडून पाहिली, शेत कुठंच नव्हतं. सुहासनं नाव दिलंच नव्हतं. त्याला कशाला द्यायला हवं होतं, ते त्याचं एकच होतं. बाकीची दोन त्यानं हात बसावा म्हणून केलेली असणार.

एवढ्यात आबांची सायकल दारात आली. आणि मी, सिद्ध कर मॅडम, वडिलांना म्हणाले, आबा, फोन हँग झालाय, मी इंदापूरला नेऊन दुरुस्त करून आणते. आबा म्हणाले, "गेम हाय न्हवं त्यात?" मी म्हटलं, आहे. त्यांनी मान डोलावली आणि चहा घेतला. चार वाजता ते कॉटवर येऊन बसले, थोडा वेळ हाताकडे बघितलं आणि मग उठून आत गेले. मी ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं.

जाताना बारामतीला उतरून मी एका मोबाईलवाल्याकडे गेले. त्यानं तासभर खटपट केली. "मॅडम, फोटो असते तर आणले असते, हे न्हाय येत." मी त्याला पुन्हा बघ म्हटलं, तो पुन्हा बघत बसला. नाहीच आलं.

मग मी ठरवलं, आपणच बांधायचं. कॉलेज सुटल्यावर रिकाम्या लॅबमध्ये बसून नऊ दिवस मी ते केलं. सुहासनं एकदा मला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला होता, त्यात अर्ध्या शेताचं दर्शन होतं. बाकीचं मोबाईलच्या नकाशावरून आणि आठवणीतून. सगळं पहिल्यापासून करायला जमेना, म्हणून एक तयार शेताचं जग डाउनलोड केलं. परदेशातल्या कुणीतरी केलेलं होतं ते. त्यातली पवनचक्की पाडली, डुकरं हाकलली, लाल कोठाराची मोटारीची खोली केली. बांध घातले, दहा वाफे मोजून पाडले. त्या गेममध्ये पाणी सात ठोकळे पुढे गेलं की संपतं. पुढे न्यायचं तर जमिनीत पुन्हा पाणी लपवावं लागतं. सुहासनं अख्ख्या चारीत दर सात ठोकळ्यांवर असं पाणी लपवलं असणार, हे मला त्याचं जग पुसल्यावर कळलं. मी दहाच्या दहा दारी उघडी ठेवली, म्हणजे सगळं सारखं हिरवं दिसेल. जगाचं नाव ठेवलं न्यू वर्ल्ड थ्री. लबाडीतसुद्धा मी नीटनेटकी आहे.

पुढच्या रविवारी काही मी गेले नाही, पेपर तपासायचे आहेत असं सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी फोन घेऊन गेले. चार वाजता आबांनी फोन घेतला आणि चालायला लागले. मी शेजारी शेंगा निवडत होते, पण शेंगांकडे लक्ष कुणाचं. मोटारीच्या खोलीपासून निघाले, शेवटापर्यंत गेले, परत आले. नेहमीइतकाच वेळ. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "दुरुस्त झाला म्हणायचा." बास. मला सुटल्यासारखं वाटलं. आज मागे बघताना सगळ्यात जास्त तेच बोचतं.

यावेळी शहाणपणा आला होता. निघण्याआधी फोन बघते म्हणून मी त्या जगाची एक कॉपी माझ्या फोनवर घेतली, आणि दर रविवारी घ्यायची असं ठरवलं.

पुढच्या रविवारी कॉपी घेण्याआधी जग उघडलं तर माझ्या दहाही वाफ्यांची दारी मातीनं बांधलेली. चारी शेवटच्या वाफ्याच्याही पुढे चार ठोकळे वाढवलेली आणि तिथं एक चिमुकला वाफा. त्यात गाजरं लावलेली, आणि तेवढंच दारं उघडं. मला गंमत वाटली. म्हटलं, आबा खोदायला शिकले की! इतक्या वर्षांत सुहासचं बघून बघून जमलं असणार. मी काही बोलले नाही. बोलायची चोरीच होती. शेताबद्दल एक शब्द निघाला तर दुसरा निघेल, आणि मग सगळंच निघेल अशी भीती.

त्याच्या पुढच्या रविवारी गाजरांचं दारं बांधलेलं आणि दहाव्या वाफ्याचं उघडं. पुढच्या खेपेला नववं. मग आठवं. शेवटाकडून एकेक करत दारं वर सरकत होतं. दर वेळी फक्त एक उघडं. उसाला कायम पाणी ठेवलं तर मुळ्या कुजतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं आणि मी फिजिक्सवाली दहाही उघडी ठेवून आले होते, याची मला आता लाज वाटली. पण मनातून मी खूश होते. कारण त्या दिवसांत आबा बदलायला लागले होते. एका रविवारी मी गेले तर घरी नाहीत. आई म्हणाली, शेताकडं गेल्यात. खऱ्या शेताकडं. अडीच-तीन वर्षांनी. मी सासरी येऊन नवऱ्याला म्हणाले, बघ, कधी कधी खोटंही औषधाचं काम करतं. 

सहाव्या रविवारी सहाव्या वाफ्याचं दारं उघडं होतं. मी कॉपी घेतली, फोन कोनाड्यात ठेवला. चार वाजता आबा फेरीला बसले, मी पलीकडे वर्तमानपत्र वाचत होते. थोड्या वेळानं आबांनी फोन माझ्यापुढे धरला. चारीच्या कडेला माझ्याच हातून राहिलेला एक खड्डा होता, दोन ठोकळे खोल. आबा त्यात पडले होते.

"ह्यातनं काढ मला," ते म्हणाले. "मला नुसतं चालता येतं."

मी म्हटलं, आबा, बाजूचा ठोकळा खोदा की, पायरी होईल. आबा म्हणाले, खोदायचं कुठनं? मी त्यांना बटण दाखवलं. त्यांनी उजव्या हाताच्या मधल्या बोटानं तिथं दाबून बघितलं. कडक, भेगा पडलेलं बोट, त्या काचेवर चालेना. डाव्या हातानं करायला गेले तर फोन हातातून निसटला. इतक्या वर्षांत त्यांनी ते बटण एकदाही दाबलं नव्हतं, हे दिसतच होतं. मी त्यांना खड्ड्यातून काढलं. मग मात्र माझ्या तोंडून गेलंच.

"आबा, मग दारं कोण धरतंय?"

आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोण म्हंजी? तूच की. रविवारी तू फोन बघतीस, सोमवारी दारं फिरल्यालं असतंय."

 मला वाटत होतं आठवड्यात कधीतरी आबा फिरवतात. आबांना वाटत होतं रविवारी मी फिरवते. सहा आठवडे आम्ही दोघे एकमेकांना श्रेय देऊन बसलो होतो.

मग मी सगळं सांगितलं. यादी, तीन नावं, तीनदा हो म्हटलेलं, हँगचं खोटं, नऊ दिवस. सांगताना रडले, ते काही इथं लिहीत नाही. आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "ठावं हाय मला."

मी विचारलं, काय ठाऊक आहे?

"पयल्या दिवशीच कळलं. लिंबाखाली अडखळलो न्हाय." आणि मग त्यांनी सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. सुहासच्या शेतात लिंबाखाली बांधावर एक जादा ठोकळा होता. आबा चालताना दर वेळी तिथं धडकायचे आणि तो हसायचा. आबा म्हणायचे काढ तो, आणि तो म्हणायचा, आबा, ते तुमचं टोलनाकं हाय. मरेपर्यंत त्यानं तो काढला नाही. "तुझ्या शेतात सरळ गेलो. म्हटलं, हे पोराचं न्हाय. पोरीनं केलंय, जीव लावून केलंय. आता कशाला बोलायचं."

 आबा पुढे म्हणाले, "पर तिसऱ्या आठवड्याला अडखळलो की. मला वाटलं, तुला कुणीतरी सांगितलं टोलनाक्याचं."

मला कुणी सांगितलं असतं? दवाखान्यात बघणारे होते, पण टोलनाक्याची ही गोष्ट त्या दोघांतलीच होती.

मी फोन घेतला, लिंबाखाली गेले. ठोकळा होता. माझ्या फोनवरच्या पहिल्या दोन कॉप्या उघडल्या, त्यात नव्हता. तिसरीत होता.

आई मगापासून उंबऱ्यात उभी होती. ती फोनजवळ आली, तीन वर्षांत पहिल्यांदा. मी तिला शेवटचा तो गाजराचा वाफा दाखवला. ती म्हणाली, मी लग्न होऊन सासरी गेल्यावर तिनं शेताच्या टोकाला माळव्याचा एक वाफा केला होता, मेथी, लसूण, गाजरं असं. पाळी आली की आबा म्हणायचे आधी उसाला, पण सुहास ऐकायचा नाही. "पयलं पाणी माझ्या माळव्याला सोडायचा त्यो," ती म्हणाली, "मग खालनं वर." आणि पदरानं फोनची काच पुसून परत गोठ्यात गेली.

त्या संध्याकाळी मी निघताना आबा मला सोडायला स्टँडपर्यंत आले. मी म्हटलं, आबा, मला रागवा तरी. ते म्हणाले, "सवू, पाण्याचं एक असतंय. पुढचं दारं फोडावं, मग मागचं बांधावं. तू आधी मागचं बांधून बसलीस. एवढंच झालं." मग एसटी आली.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, तपासलं का? तपासलं. त्या फोनमध्ये सिम नाही, नेट नाही, वायफाय आमच्या घरात नाहीच. आई-आबांशिवाय घरात कुणी नसतं. आणि आईला फोनचं लॉक काढता येत नाही. मग वाटलं, त्या परदेशी तयार जगातच काही आपोआप चालणारी यंत्रणा लपवलेली असेल, तसं करतात लोक. ती मूळ फाईल मी दुसऱ्या फोनवर नव्यानं टाकली, आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांना दाखवली, महिनाभर उघडून-बंद करून पाहिली. तिच्यात काही हललं नाही. आणि यंत्रणा असती तरी तिला माझ्या आईचं माळवं कुठून माहीत? फळ्याजवळ उभी राहिले तर मला काहीही सिद्ध करता येणार नाही.

पण खरी गोष्ट पुढं आहे, आणि ती सांगायला मला जड जातं. त्या रविवारनंतर दारं हललं नाही.

सोमवारी आबांनी फोन करून सांगितलं, सहावंच उघडं हाय. पुढच्या सोमवारीही तेच. आता चार महिने होत आले. मी दर रविवारी जाते, चप्पल काढायच्या आधी कोनाड्याकडे बघते. सहाव्या वाफ्याचं दारं उघडं, बाकी सगळी बांधलेली. मी विचारलं नसतं तर? आबांना खड्ड्यातून मुकाट्यानं काढून वर्तमानपत्र वाचत बसले असते तर? पाचवं फुटलं असतं, चौथं फुटलं असतं... एकदा त्याचं शेत मी न बघता पुसलं, आणि दुसऱ्यांदा, जे काही होतं ते, चौकशी करून थांबवलं. नवरा म्हणतो असा विचार करू नकोस. करू नये हे मलाही कळतं.

आबांचं काही बिनसलेलं नाही. खऱ्या शेतावर जातात, चार वाजता फेरीही मारतात, लिंबाखाली अडखळतात. मी एकदा म्हटलं, आबा, थांबलंच ना ते. तर म्हणाले, "पाणी तुटलं असंल वरनं. कालव्याचं असंच असतंय, मधीच तुटतंय. पुढच्या पाळीला जितं राहिलं तितनंच धरायचं."

गेल्या रविवारी ते फेरीला बसले तेव्हा कॉटवर जरा डावीकडे सरकले आणि फोन दोघांच्या मध्ये उशीवर ठेवला. माझ्या बाजूला उजवा कोपरा आला, खोदायचं बटण असतं तो. चालत चालत सहाव्या वाफ्यापाशी येऊन थांबले. "धर की दारं," म्हणाले. "किती दिवस एकच वाफा पाणी पितोय."

माझा अंगठा काचेपर्यंत गेला होता. एक ठोकळा फोडायचा, एक ठेवायचा, दोन सेकंदांचं काम. सगळ्यांचं सगळं नीट लावून द्यायची मला केवढी घाई असते, तुम्हाला सांगितलंच आहे. पण त्या बटणाला माझा हात एकदा लागला, तर पुढं कधी दारं फिरलेलं दिसलं तरी ते कुणी फिरवलं हे आम्हाला कधीच कळणार नाही.

मी हात मागे घेतला. म्हटलं, "राहू दे आबा. पाळी त्याची आहे."

आबांनी मान डोलावली, आणि आम्ही दोघं बांधाबांधानं परत मोटारीच्या खोलीपर्यंत आलो. वाटेत लिंबाखाली अडखळलो.